दगडावरची लक्ष्मी की ऑफसेटवरची? जुनी तसबीर घेण्याआधी

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत, कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी हमखास भेटते. बाजूला हत्ती, काळपट सागवानी चौकट, धुरकट काच. दुकानदार सांगतो, "ओरिजिनल रविवर्मा आहे."

हाताने रंगवलेलं तैलचित्र ते अर्थातच नसतं. तसबीर बहुधा दोहोंपैकी एक असते: दगडावरून छापलेला, तैलचित्राचा भास देणारा जुना ओलिओग्राफ, नाहीतर त्याच छापाचा फोटो काढून ऑफसेट मशीनवर मारलेली अलीकडची प्रत. चौकटीत बसवून भिंतीवर टांगल्या की दोन्ही सारख्याच दिसतात. किमतीत आणि मोलात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून हे ओळखता यायलाच हवं.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे शहरात प्लेगची साथ आली आणि छापखाना कार्ला-लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, छपाई मात्र पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. त्यामुळे दगडावरचा अस्सल छापही रविवर्मांच्या हयातीतलाच असेल असं नाही. दादासाहेब फाळकेही चित्रपटाकडे वळण्याआधी याच छापखान्यात काम करत होते. देवळाच्या पायरीशीच ज्यांना अडवलं जाई, त्यांच्या घरातही या छापखान्यामुळे लक्ष्मी-सरस्वती आल्या. एवढ्या एका कारणासाठीही हे कागद मला फार मोलाचे वाटतात.

आता भिंग काढा. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. ते लक्ष्मीच्या गालावर धरा. जुन्या छापात तिथे बारीक ठिपके दिसतील, पण एक ठिपका दुसऱ्यासारखा नसेल. कुठे दाट, कुठे विरळ, काही गोल, काही ओढल्यासारखे लांबट. कारागिराने तेलकट शाईने ते दगडावर हातानेच काढलेले असतात. तेलकट भाग शाई धरतो आणि ओला दगड शाई झिडकारतो, या एका गुणावर शिळाछपाई उभी आहे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. त्वचेच्या फिकट गुलाबीचा एक, हनुवटीखालच्या राखाडी सावलीचा दुसरा, साडीच्या तांबड्याचा तिसरा. असे दहा-बारा दगड एकाच कागदावर नेमक्या जागी उतरवायचे. एखादा केसभर सरकला की ओठांच्या कडेला रंगाची बारीक रेघ डोकावते. ती दिसली तर मला आनंदच होतो, कारण तिथे माणसाचा हात होता.

ऑफसेटच्या प्रतीत त्याच गालावर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच शाया सापडतील. ठिपके शिस्तीत, ठरलेल्या कोनांत, जवळून पाहिलं तर गोल फुलांच्या जाळीसारखे. डोळ्याला जो गुलाबी दिसतो, त्या रंगाची शाई तिथे नसतेच.

फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. नवी प्रत जुन्या छापाच्याच फोटोवरून बनते, त्यामुळे जुन्या कारागिराचे वेडेवाकडे ठिपकेही तिच्यात उमटलेले असतात. ते पाहून बरेच जण निर्धास्त होतात. भिंग तिथेच ठेवून आणखी निरखा: त्या वेड्यावाकड्या ठिपक्याच्या पोटात चार रंगांची जाळी दिसली, तर प्रत नवी. इंकजेटच्या प्रतीत जाळी नसते, पण सगळीकडे एकसारखे सूक्ष्म रंगीत शिंतोडे असतात.

वार्निश आणि कापडी पोतही तपासा. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून ओलिओग्राफवर वार्निश चढवत आणि पुष्कळदा कॅनव्हाससारखी वीण कागदात दाबत. चित्रावर बाजूने तिरका उजेड टाकला की ती वीण खरोखर उंचसखल दिसते. नुसत्या छापलेल्या विणीला उठाव नसतो.

कागदाचं वय चहाच्या पाण्याने वाढवता येतं, आणि असली फसवणूक मला अजिबात खपत नाही. सुदैवाने ती पकडणं फार अवघड नाही. चहाचा रंग बहुधा सगळीकडे सारखा पसरतो. खरा जुना कागद कडांना जास्त करपतो, आणि मागे लाकडी फळ्या असतील तर दोन फळ्यांच्या फटीची तपकिरी रेघ पाठीवर उमटते. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो साधारण १९५० नंतरचा समजावा, कारण कागद उजळवणारी रसायनं त्याच सुमारास वापरात आली. मात्र चमकला नाही म्हणून जुनाच, असं उलटं मानू नका.

चित्रातल्या सहीवर विसंबू नका, तीही छापलेलीच असते. खालच्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं, पण चौकटीत बसवताना अनेक घरांत ती पट्टी कापली गेली. नाव नसलं म्हणजे छाप खोटा असं नाही. उलट नाव ठळक आहे आणि त्या अक्षरांतही चाररंगी जाळी आहे, तर सौदा तिथेच सोडा.

क्वचित एखाद्या तसबिरीत लक्ष्मीच्या साडीवर खरी जर, टिकल्या आणि काचेचे मणी जडवलेले सापडतात. अशी तसबीर मिळाली तर शक्य असल्यास चौकट उघडून पाठ बघू द्या म्हणावं. टाके घातलेले असतील तर मागे दोरा दिसतो. काही काम चिकटवलेलंही असतं, तेव्हा नुसता दोरा नाही म्हणून ते नाकारू नका. छाप हजारोंनी निघाले, ही सजावट मात्र त्या एकाच तसबिरीची असते. जरीची तार काळवंडली म्हणून ती काढून नवी लावू नका, आणि चकाकी आणायला पॉलिश तर मुळीच लावू नका. पॉलिश कागदात झिरपून डाग पाडतं.