फॉरमॅट मारला, पण डिस्क कोरी झाली का?

खान्देशात पीसी अडकायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मारून घे' हाच. या सवयीला पार्श्वभूमी आहे. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावी संगणकाचे क्लास निघाले. पाठोपाठ भारनियमनाची वर्षं आली. चालू मशीनची लाईट गेली की पुढच्या वेळी विंडोज ९८ आधी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क, म्हणजे डिस्क तपासणारा प्रोग्रॅम, चालवायची. कधी फाइल तुटलेली निघायची, कधी विंडोज उघडायचीच नाही. फ्लॉपीतून आणि पुढे पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे ते वेगळेच. अशा वेळी दुकानदार विंडोज असलेला सी ड्राइव्ह उडवून विंडोज नव्याने टाकायचा. लग्नाचे फोटो, गाणी आणि हिशेब असलेल्या डी ड्राइव्हला मात्र तो हात लावत नसे. मशीन पुन्हा पळायला लागावं एवढीच तेव्हा अपेक्षा होती आणि त्यासाठी ती पद्धत बरोबरच होती.

पण फॉरमॅटने डेटा जातो, हा समज तेव्हापासून घट्ट बसला. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळापासून हार्ड डिस्कवर फॉरमॅट म्हणजे मुख्यतः फाइलींची नोंदवही नव्याने मांडणं. आतला मजकूर जागच्या जागी राहतो. साधी फाइल डिलीट केली तर नोंदीतल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलायचं. म्हणून १९९१ च्या एमएस-डॉस ५ मधली अनडिलीट ही आज्ञा फाइल परत आणताना पहिलं अक्षर कोणतं होतं ते विचारायची! त्याच आवृत्तीत अनफॉरमॅटही होतं. विंडोज एक्सपीचा तासभर चालणारा पूर्ण फॉरमॅटसुद्धा खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचे बिघडलेले तुकडे, तपासायचा, जुन्या मजकुरावर काही लिहायचा नाही. सगळीकडे शून्य लिहिणारा फॉरमॅट आला तो विंडोज व्हिस्टापासून.

डेटा खरोखर पुसायचा कसा, यावर १९९६ मध्ये संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांचा शोधनिबंध आला. त्यातून 'जुन्या मजकुरावर ३५ वेळा लिहा' हा मंत्र जगभर पसरला. त्या ३५ फेऱ्या जुन्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्क मिळून होत्या, नव्या डिस्कला त्यांची गरज नाही, हे पुढे गटमन यांनीच सांगितलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसारही चुंबकीय डिस्कवर, म्हणजे नेहमीच्या हार्ड डिस्कवर, एकदा पूर्ण लिहिणं सहसा पुरतं. घोळ वेगळीकडेच होता. गारफिंकेल आणि शेलट या संशोधकांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातल्या १२९ वाचता आल्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. जिथे बहुतेकांनी एकदासुद्धा नीट पुसलं नव्हतं, तिथे ३५ फेऱ्यांची चर्चा काय कामाची?

आपल्याकडे हा प्रश्न २०१० नंतर जास्त गंभीर झाला. देशातलं पहिलं आधार त्याच वर्षी २९ सप्टेंबरला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज गावोगावच्या सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत आधार, पासबुक, जातीच्या दाखल्याचे स्कॅन रोज होतात आणि बहुतेक वेळा डी ड्राइव्हवरच पडून राहतात. असा पीसी विकताना फक्त सी फॉरमॅट करणं ही माझ्या मते थेट गिऱ्हाइकांशी बेपर्वाई आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपल्याने जुनी मशीनं आता आणखी हातोहात फिरतील.

एसएसडीने, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपवरच्या ड्राइव्हने, गणित पुन्हा बदललं. तिचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रक चिप, लिहिण्याची जागा स्वतःच बदलत राहतो, त्यामुळे वरून शून्य लिहिली तरी जुने तुकडे आत उरू शकतात. तिथे ड्राइव्हची स्वतःचीच पुसण्याची आज्ञा, म्हणजे सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ, वापरावी लागते. चुंबकीय डिस्कसाठी मात्र विंडोज ८ पासून रिसेटमध्येच ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय आहे. वेळ खूप लागतो, आणि तिथे 'फक्त विंडोजचा ड्राइव्ह' की 'सगळे ड्राइव्ह' असं विचारलं तर 'सगळे' निवडायचं.