तरवड वेगळा, घाणेरी वेगळी

जून उजाडला की साताऱ्यातल्या माण-खटावच्या माळांवर जेसीबी फिरतो. वृक्षारोपणाआधी झुडपं साफ करायची! तरवड, बोर, घाणेरी सगळं एकाच ढिगात. विचारलं तर म्हणतात, 'आपोआप उगवलेलं रानच की ते.' जीव तुटतो ऐकून.

घाणेरी सगळ्यांच्या ओळखीची: रंगीत फुलांचे गुच्छ, उग्र वास, मूळची अमेरिकेतली. तरवड इथलाच; पिवळी फुलं, चपट्या शेंगा. ओळखीपुरतं एवढं बास.

गोंधळ होतो तो दोघांच्या चिवटपणामुळे. दोघंही मुरमाड, उघड्या जमिनीवर आधी येतात आणि शेळ्या दोघांनाही टाळतात. 'शेंगा धरतं, म्हणजे जमिनीला नत्र देतं, म्हणून चांगलं' ही कसोटी तर कृपा करून लावू नका. तरवडाच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी नसतात. वेड्या बाभळीच्या मुळांवर असतात, आणि तिनं ओढे-नाले कसे गिळलेत ते माणदेशात दिसतंच.

खरा फरक बुंध्याशी बसल्यावर कळतो. गेल्या मार्गशीर्षात दहिवडीकडच्या एका माळावर मी तरवडाची फांदी वर धरली. खाली कुजका पाला, पावसानं वाहून आलेली आणि तिथंच अडलेली बोटभर माती, तिच्यात कडुनिंबाची दोन रोपं. फांदीवर बसलेल्या पाखरांनी बी टाकलं, विरळ सावलीनं ओल धरली, शेळी फिरकली नाही म्हणून रोप वाचलं. उद्या तेच कडुनिंब डोक्यावर गेलं की तरवड मागे सरेल, कारण त्याला भरपूर ऊन लागतं. तो येतो तो जागा तयार करायला.

घाणेरीचं बीही पाखरंच आणतात. पण तिच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, तिची पानं-मुळं इतर रोपांना मारक द्रव्यं सोडतात, आणि तोडली तरी ती बुडख्यातून पुन्हा फुटते. आलेली जागा ती सोडत नाही, नव्याला येऊही देत नाही.

म्हणून जेसीबी माळावर चढायच्या आधी तरवडांना चुन्याचा पट्टा ओढून ठेवा. घाणेरी पहिल्या पावसानं माती मऊ झाली की कुदळीनं मुळासकट काढा. नुसती छाटून काही होत नाही. रोपं लावायचीच असतील तर तरवडाच्या आडोशाला लावा: कडुनिंब, हिवर, बोर. गुलमोहर नको.