अँजिओप्लास्टी, बायपास आणि सरकारी योजना: नाशिकमध्ये अर्ज नेमका कुठे अडकतो

"वडिलांना अटॅक आला, आयसीयूत आहेत, आणि दवाखानेवाले म्हणतात योजनेत बसत नाही." असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: रेशनकार्डावर बारा आकडी ऑनलाइन नंबर आहे का? पलीकडे बहुतेक वेळा शांतता असते. मग "कार्ड तर आहे की, वीस वर्षांपूर्वीचं," असं उत्तर येतं. अर्ज नामंजूर होतो तो इथेच. आजार योजनेत बसत नाही म्हणून अडलेली माणसं मी फार कमी पाहिली.

आधी योजनेचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही राज्यात एकत्र राबवल्या जातात. पूर्वी दीड लाखाचं संरक्षण होतं, १ जुलै २०२४ पासून ते वर्षाला ५ लाख झालं. हे ५ लाख कुटुंबाचे, माणशी नाहीत. पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तिन्ही रंगांची कार्डं चालतात. पांढऱ्या कार्डवाले अजूनही "आम्हाला कुठलं मिळणार" म्हणत स्वतःहून बिल भरून मोकळे होतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. घरात आजी-आजोबा असतील तर ते कार्ड आजच काढून ठेवा. मोबाइलवर होतं.

आता रेशनकार्ड. तीन गोष्टी जुळल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. कार्ड ऑनलाइन झालेलं हवं, रुग्णाचं नाव त्यावर हवं, आणि ते नाव आधारवरच्या नावाशी जुळायला हवं. तिसऱ्या गोष्टीत निम्मी माणसं अडकतात. कार्डावर "सखुबाई", आधारवर "सखूबाई"; एकावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं असतं, सासरच्या कार्डात कुणी चढवलेलं नसतं. कागदाच्या हिशेबी ती बाई कुठेच राहत नाही. दुरुस्तीसाठी तालुक्याच्या तहसील कार्यालयातली पुरवठा शाखा, नाशिक शहरात धान्य वितरण अधिकाऱ्याचं कार्यालय. रुग्ण दाखल असेल तर डॉक्टरांचं तसं पत्र अर्जाला जोडा आणि रांगेत मागे उभं न राहता ते पत्र दाखवा. माणूस आयसीयूत असताना "पुढच्या सोमवारी या" हे उत्तर मी स्वतः ऐकलं आहे. अशा वेळी आवाज चढवण्यापेक्षा वरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणं लवकर फळतं. लहान बाळाचं नाव कार्डावर नसेल तर जन्मदाखला आणि आई-वडिलांचे कागद चालतात, तेवढ्यासाठी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका.

दुसरी अडचण दवाखान्याची. "योजना आहे" अशी पाटी दारावर दिसली म्हणून रुग्ण उतरवायचा नाही. दवाखाना योजनेत असतो, पण एखाद्यात फक्त हाडांच्या शस्त्रक्रिया मंजूर असतात, हृदयाच्या नसतात. योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ ला, फोन करून "हृदयविकारासाठी अंगीकृत (म्हणजे योजनेत मान्य) आहे का" असंच विचारा, नुसतं "योजनेत आहे का" नको. सरकारीत शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हृदयरोगासाठी ओळखलं जातं. लोक त्याला नुसतं "संदर्भ" म्हणतात. सुरगाणा, पेठकडून येणाऱ्यांचा घाटरस्त्यातच बराच वेळ जातो. त्यांनी छातीत दुखायला लागल्यावर कागद शोधत बसू नये. १०८ ला फोन, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी, आणि कागद घेऊन घरातला दुसरा माणूस मागून येईल अशी वाटणी करावी.

तातडीच्या वेळी कागद नसले तरी आरोग्यमित्र (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) फोनवरून मंजुरी घेऊ शकतात. मुदतीबद्दलचा घोळ इथेच होतो. लोकांना वाटतं, फोनवर मंजुरी झाली म्हणजे काम संपलं. तसं नाही. ती तात्पुरती असते, रेशनकार्ड आणि ओळखपत्र त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पोचवावंच लागतं. "डिस्चार्जच्या दिवशी देतो" म्हणणाऱ्यांना डिस्चार्जच्या दिवशीच पूर्ण बिल हातात पडतं. आरोग्यमित्राला शेवटची वेळ विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी पैसे भरणं. ही योजना कॅशलेस आहे. बिल भरून नंतर पावत्या सादर करून पैसे परत मिळत नाहीत. शेत गहाण टाकून अँजिओप्लास्टी करून घ्यायची आणि मग फायली घेऊन हिंडायचं, असे लोक मी पाहिलेत. त्यांना सांगायला माझ्याकडे काही नसतं. म्हणून अँजिओग्राफीच्या (हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीच्या) टेबलावर रुग्ण जाण्याआधीच विचारा: नुसत्या अँजिओग्राफीचा खर्च कोण देणार? ब्लॉकेज निघालं तर त्याच वेळी स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) योजनेतून टाकणार का? मंजुरीसाठी ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी वर पाठवली जाते. सीडीची एक प्रत स्वतःकडे ठेवा, दवाखाना बदलावा लागला तर तीच उपयोगी पडते. "चांगला स्टेंट हवा असेल तर वरचे पैसे द्या" असं कुणी म्हणालं तर लेखी मागा. २०१७ च्या फेब्रुवारीपासून स्टेंटच्या किमती सरकारी नियंत्रणाखाली आहेत आणि योजनेतल्या रुग्णाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. लेखी मागितलं की मागणी बहुधा विरते.

योजनेत बसलंच नाही तर दोन वाटा उरतात. पहिली धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयाची. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. काउंटरवर विचारलं तर "खाटा भरल्या" ऐकायला मिळेल. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, आणि तिथेही दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात थांबवता येत नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरी वाट मुख्यमंत्री सहाय्यता निधीची. उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत, आणि वरच्या योजनांतून मदत मिळत नसेल तरच. अर्ज ऑनलाइन. आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट हे नेहमीचं. अडतात ते दोन कागद. एक, खर्चाचं अंदाजपत्रक. दवाखाना खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही-शिक्का लागतो, म्हणजे त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला एक फेरी. दोन, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो चालू आर्थिक वर्षाचा हवा. मार्चमध्ये काढलेला दाखला एप्रिलमध्ये जोडून अर्ज नामंजूर झालेले कितीतरी. दाखल्याला कायद्याने १५ दिवसांची मुदत आहे, पण त्यासाठी तलाठ्याचा (आता म्हणायचं ग्राम महसूल अधिकारी) अहवाल लागतो आणि ते त्या दिवशी दुसऱ्याच गावी असतात. तेव्हा डॉक्टरांनी बायपास सांगितली त्याच दिवशी सेतूत अर्ज टाका. शस्त्रक्रिया उरकल्यावर केलेला अर्ज इथेही चालत नाही.

मुलांच्या हृदयाला जन्मतः छिद्र असेल तर हे सगळं करत बसण्याआधी अंगणवाडीताईंना किंवा शाळेत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणीला येतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते.

डिस्चार्ज घेताना डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचं स्टिकर चिकटवलंय का ते बघा. पुढच्या १० दिवसांची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्येच धरलेली असते, परतीचं एसटी भाडंही. भाडं कुणी आपणहून देत नाही, आरोग्यमित्राकडे मागावं लागतं.