गेलिक फुटबॉल व हर्लिंग : बिनमानधनाचा खेळ, खेळाडूंचे हित आणि प्रसार

गेलिक फुटबॉल व हर्लिंग हे आयर्लंडचे दोन देशी मैदानी खेळ. दोन्हींत एका बाजूला १५ खेळाडू असतात आणि मैदानही एकच चालते : लांबी १३० ते १४५ मीटर, रुंदी ८० ते ९० मीटर. गोलखांबांत ६.५ मीटर अंतर असते. २.५ मीटर उंचीवरच्या आडव्या दांडीखालून चेंडू गेला की गोल, म्हणजे ३ गुण; दांडीवरून खांबांच्या मधून गेला की १ गुण. फुटबॉलमध्ये चेंडू हाताने धरता व ठोसता येतो आणि पायाने मारता येतो. हर्लिंगमध्ये ॲश लाकडाची रुंद पात्याची काठी (हर्ली) आणि ११० ते १२० ग्रॅम वजनाचा चामडी चेंडू (स्लिटर) लागतो. हे दोन्ही खेळ गेलिक ॲथलेटिक असोसिएशन (जीएए) चालवते. संघटनेच्या नियमपुस्तकानुसार खेळल्याबद्दल कोणीही रोख वा वस्तुरूपाने मोबदला घ्यायचा नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये सुमारे ८२,००० प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

मराठीत ‘हौशी’ म्हटले की हौशी नाट्यस्पर्धा आठवते आणि हौसेपुरते, जमेल तसे करणे असा अर्थ सहज चिकटतो. इथे तो अर्थ सोडून द्यावा लागतो. या खेळाडूंची तयारी व्यावसायिकांच्या तोडीची असते, फक्त पगार नसतो. म्हणूनच खेळाडूंच्या हिताचा प्रश्न इथे पगारापेक्षा वेळ, प्रवास, दुखापती आणि वेळापत्रक यांच्या रूपात उभा राहतो.

घडण : संघटनेची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्लस गावच्या हेज हॉटेलात झाली. मायकेल क्युसॅक हे प्रवर्तक, तर मॉरिस डेव्हिन पहिले अध्यक्ष. क्लब धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, हद्दीवर उभा राहिला. क्लबातून निवडलेले खेळाडू परगण्याच्या संघात जातात आणि परगण्यांचे संघ अखिल आयर्लंड अजिंक्यपदासाठी लढतात. फुटबॉलचा चषक सॅम मॅग्वायर, हर्लिंगचा लियम मॅकार्थी. खेळाडू सहसा आपल्या गावच्या क्लबाकडून आणि आपल्या परगण्याकडूनच खेळतो. बदलीचे नियम आहेत, पण ते वास्तव्याशी बांधलेले आहेत. खेळाडूंचा बाजार नाही, त्यामुळे त्यांना किंमतही नाही. हौशी दर्जा टिकण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. आदर्शवाद त्याच्या मागून येतो.

पैसा कुठे जातो : तिकीटविक्री, प्रक्षेपण हक्क, प्रायोजक आणि क्रोक पार्कमधील संगीत कार्यक्रम यांतून मोठे उत्पन्न येते. ते परगणे, क्लब, मैदाने आणि प्रशिक्षक यांच्याकडे वळते. खेळाडूला मिळतात ते प्रवासखर्च, सरावानंतरचे जेवण, साहित्य आणि सरकारी अनुदान. अनुदानाची योजना २००७–०८ च्या सुमारास ठरली. शिवाय स्वतःच्या नावाने जाहिरात करायला मुभा आहे, पण तिचा लाभ मोजक्या नामवंतांनाच होतो. प्रवासखर्चावर खरी भांडणे होतात. २०२२ साली मैलामागे ६५ सेंट हा दर आणि आठवड्यात किती सत्रांचा खर्च द्यायचा, यावरून खेळाडूंची संघटना आणि जीएए यांच्यात उघड वाद झाला. बाहेरच्याला हा चिल्लर हिशोब वाटेल. पण डब्लिनमध्ये नोकरी करून पश्चिमेच्या मेयो परगण्यासाठी खेळणाऱ्याला सरावासाठी कासलबारच्या बाजूला जायचे तर एका दिशेचेच सुमारे २५० किलोमीटर पडतात. संध्याकाळी कामावरून सुटायचे, गाडीतच काहीतरी खायचे, दिव्यांच्या उजेडात सराव करायचा आणि मध्यरात्र उलटून खोलीवर परतायचे. सकाळी पुन्हा काम. म्हणून लांबच्या परगण्यांचे खेळाडू एकाच गाडीतून येतात किंवा आठवड्यातला एक सराव डब्लिनमध्येच ठेवतात.

या व्यवस्थेला एक मोठे भोक आहे : प्रशिक्षक-व्यवस्थापकांना आडमार्गाने मिळणारे पैसे. जीएएचे तत्कालीन महासंचालक पॉरिक डफी यांनी जानेवारी २०१२ मध्ये या विषयावर चर्चापत्रच काढले. नियम कडकपणे राबवायचा की नियंत्रित मानधनाला मान्यता द्यायची, असे पर्याय त्यात मांडले होते. प्रश्न मिटला नाही. ज्याच्या घामावर सामना उभा राहतो तो बिनपगारी आणि कडेला उभा राहणारा पगारी, हा अन्याय खेळाडूंना सलतो, आणि तो सल रास्त आहे.

वेळेचा भार : आयर्लंडच्या आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने २०१८ साली परगणा-स्तरावरील वरिष्ठ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे खेळाडू खेळासाठी आठवड्याला ३१ तासांपर्यंत देतात, असे त्यात दिसले. मैदानावरचा वेळ हा त्यातला एक भाग. प्रवास, व्यायामशाळा, चित्रफितींचे विश्लेषण, आहाराची तयारी आणि फिजिओकडच्या फेऱ्या मिळून बाकीचे तास भरतात. हे सगळे नोकरी किंवा अभ्यास सांभाळून करायचे असते. झोप, घरच्यांसाठीचा वेळ आणि कामातली बढती यांनाच मग कात्री लागते.

सर्वांत जास्त भरडले जातात ते १८ ते २२ वयाचे गुणी खेळाडू. एकाच मुलाला क्लब, परगण्याचा वयोगट संघ, परगण्याचा वरिष्ठ संघ आणि विद्यापीठ (फुटबॉलचा सिगर्सन चषक, हर्लिंगचा फिट्झगिबन चषक) असे तीन-चार प्रशिक्षक बोलावतात. प्रत्येकाची मागणी वाजवी असते. बेरीज मात्र कोणीच करत नाही. परिणाम जांघ व कंबरेच्या सांध्यात दिसतो. दुखणे हळूहळू वाढते, मुलगा गोळ्या घेऊन खेळत राहतो आणि शेवटी महिनोन्‌महिने बाहेर बसतो. उपाय म्हणून २०१८ पासून ‘मायनर’ वयोगट १८ वरून १७ वर्षांखाली आणला, जेणेकरून शालान्त परीक्षेचे वर्ष आणि परगण्याची स्पर्धा एकमेकांवर आदळू नयेत. प्रत्यक्षात सर्वांत उपयोगी साधन अगदी साधे आहे : खेळाडूच्या साऱ्या सत्रांची एकच नोंदवही आणि तिच्यावर नजर ठेवणारा एकच जबाबदार माणूस.

संप आणि संघटना : खेळाडूंची संघटना (गेलिक प्लेयर्स असोसिएशन) १९९९ मध्ये निघाली. तिच्या मागण्यांना धार आली ती कॉर्कमध्ये. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथल्या हर्लिंग खेळाडूंनी संघासोबत डॉक्टर, प्रवासाची नीट सोय, व्यायामशाळा आणि साहित्य अशा साध्या गोष्टींसाठी संप केला. पगार कोणी मागितला नव्हता. परगणा मंडळाला नमते घ्यावे लागले आणि त्याच कॉर्कने २००४ व २००५ ची अजिंक्यपदे जिंकली. पुढे २००७ ते २००९ दरम्यान तिथे व्यवस्थापक व निवडकर्त्यांच्या नेमणुकीवरून आणखी संप झाले. त्यांनी घरेच्या घरे दुभंगली. अखेरीस जीएएने खेळाडूंच्या संघटनेला अधिकृत मान्यता दिली.

दुखापती : गेलिक फुटबॉलमधली नेहमीची दुखापत मांडीच्या मागच्या स्नायूची (हॅमस्ट्रिंग). थकलेल्या अवस्थेत पूर्ण वेगाने धावताना तो फाटतो. वेदना थांबली म्हणजे स्नायू बरा झाला, या समजुतीने खेळाडू लवकर परततो आणि तोच स्नायू पुन्हा जातो. पूर्ण वेगाची धाव अनेक सत्रांत विनात्रास जमल्याखेरीज सामना खेळू नये, हे पथ्य क्लब-स्तरावर पाळले जात नाही, कारण पर्यायी खेळाडूच नसतो. गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची (एसीएल) दुखापत पुष्कळदा कोणाचा धक्का न लागताच, दिशा बदलताना किंवा उडी मारून उतरताना होते. त्यासाठी जीएएने सुमारे १५ मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप तयार केला आहे. आधी हलकी धाव, मग ताकद, तोल व उड्यांचे व्यायाम (गुडघा आत न वळवता उतरणे हा त्याचा गाभा), शेवटी वेगवान धाव आणि वळणे. आठवड्यातून किमान दोनदा, संपूर्ण हंगामभर केला तरच तो कामी येतो. बहुतेक संघ जानेवारीत उत्साहाने सुरू करतात आणि चेंडूचा सराव वाढला की सोडून देतात.

डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत खेळवायचे नाही. पुढे विश्रांती, हलका व्यायाम, खेळाशी जोडलेला व्यायाम, धक्क्याविना सराव, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव आणि मग सामना असा क्रम असतो. लक्षणे परतली तर एक पायरी मागे. परगण्याच्या सामन्यात बाजूला डॉक्टर असतो. क्लबच्या सामन्यात बहुधा नसतो, आणि खेळाडू ‘बरा आहे’ म्हणाला की सगळे त्यावर विश्वास ठेवतात.

हर्लिंगमध्ये जाळीचे हेल्मेट २०१० पासून सराव व सामना दोन्हींत सर्वांना सक्तीचे आहे. हेल्मेट आयएस ३५५ या आयरिश सुरक्षा-मानकाचे लागते. दिसायला अडथळा होतो म्हणून जाळीची दांडी काढली वा वाकवली की हर्लीचे टोक आत शिरण्याइतकी फट पडते, आणि ते हेल्मेट मग मानकात बसत नाही. बोटे मात्र उघडीच राहतात. उंच चेंडू हाताने झेलताना वरून काठी पडते, त्यामुळे बोटांचे अस्थिभंग या खेळात नित्याचे आहेत. फुटबॉलमध्ये दातांचे कवच २०१३ पासून वयोगटांना आणि २०१४ पासून सर्वांना सक्तीचे झाले. दुखापतीचा खर्च भागवायला १९२९ पासून चालत आलेला साहाय्य निधी आहे. तो विमा नव्हे. इतर मार्गाने न मिळणारा खर्च ठरावीक मर्यादेत मिळतो. २ मार्च २००४ रोजी टिरोन परगण्याच्या फुटबॉल संघाचा कर्णधार कॉर्मॅक मॅकअनॅलन वयाच्या २४व्या वर्षी झोपेत हृदयक्रिया बंद पडून गेला. त्या धक्क्यानंतर हृदयतपासणी आणि क्लबांत डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) ठेवणे यांना मोठी चालना मिळाली.

हर्लीचे लाकूड : प्रसाराच्या चर्चेत काठीचा उल्लेख सहसा राहून जातो. हर्ली ॲशच्या बुंध्याच्या अगदी तळच्या, सुमारे सव्वा मीटरच्या भागातूनच निघते. तिथे खोड मुळांकडे फाकते, आणि लाकडाचे रेषे त्या वळणाबरोबर पात्यात उतरतात. सरळ रेषांच्या फळीतून कापलेली काठी पहिल्याच जोरदार टकरीत पात्यापाशी मोडते. झाड थंडीत, रस उतरलेला असताना तोडतात, फळ्या सुकवतात, मग आकार देतात आणि पात्याला पत्र्याची पट्टी ठोकतात. पात्याची रुंदी १३ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. २०१२ मध्ये बुरशीमुळे होणारा ‘ॲश डायबॅक’ हा रोग आयर्लंडमध्ये प्रथम आढळला आणि तेव्हापासून देशी बने वाळत चालली आहेत. आयातीवर भिस्त वाढली आणि बांबूच्या व कृत्रिम हर्ली बाजारात आल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलेल्या खेळाची काठी परदेशी लाकडाची असावी, ही चुटपुट कारागिरांच्या बोलण्यात स्पष्ट जाणवते.

वेळापत्रक : पूर्वी परगण्याचा हंगाम सप्टेंबरपर्यंत ताणला जाई. परगण्याचा संघ हरेपर्यंत क्लबाचे सामने पुढे ढकलले जात आणि सामान्य क्लब-खेळाडूला आपला पुढचा सामना कधी आहे हेच ठाऊक नसे. सुट्टी काढता येईना, लग्नाची तारीख धरता येईना. करोनाकाळातल्या सक्तीच्या प्रयोगानंतर हंगाम दुभागला : आधी परगणा, जुलैअखेरपर्यंत अंतिम सामने, मग क्लब. क्लब-खेळाडूंची नव्वद-पंच्याण्णव टक्के तक्रार यामुळे मिटली, असे म्हणण्याचा मोह होतो. आकडा कोणी मोजलेला नाही, पण दिलासा खरा आहे. किंमतही मोजावी लागली. परगण्याचे सामने थोड्या आठवड्यांत कोंबले गेले, विश्रांतीचे अंतर घटले, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात हे खेळ दूरचित्रवाणीवरून जवळजवळ दिसेनासे झाले.

महिला : कमोगी (महिलांचे हर्लिंग, संघटना १९०४) आणि महिला फुटबॉल (१९७४) यांच्या संघटना वेगळ्या आहेत. मैदान, डॉक्टर, प्रवासखर्च या बाबतींत महिला कायम मागे राहिल्या. सरकारी अनुदान २०२१ मध्ये समान झाले. २०२३ मध्ये संघांनी एकत्र निषेध नोंदवून किमान सोयींची सनद मागितली. मे २०२५ मध्ये शॉर्ट घालून आलेल्या कमोगी संघांना स्कॉर्ट (स्कर्टसारखी दिसणारी शॉर्ट) घालून येण्यास सांगितले गेले आणि संताप उसळला. त्याच महिन्यात २२ तारखेला शॉर्टला परवानगी देणारा ठराव झाला. तिन्ही संघटनांच्या विलीनीकरणाचे लक्ष्य २०२७ आहे.

प्रसार : बारा वर्षांखालील मुलांसाठी ‘गो गेम्स’ आहेत. छोटे मैदान, कमी खेळाडू, प्रत्येकाला पूर्ण वेळ खेळायला आणि जेतेपद नाही. लवकर शिकलेल्या दोन-तीन मुलांनीच सगळे गोल करायचे आणि बाकीच्यांनी खेळ सोडायचा, ही जुनी गळती त्याने बरीच थांबली. कमकुवत परगण्यांसाठी हर्लिंगमध्ये जो मॅकडोना, क्रिस्टी रिंग, निकी रॅकर्ड व लोरी मार हे उतरत्या पायऱ्यांचे चषक आहेत. फुटबॉलमध्ये २०२२ पासून टेल्टियन चषक आहे. तरीही हर्लिंगचा वरचा स्तर मुख्यतः दक्षिण व पूर्वेच्या पट्ट्यातच राहिला आहे. फुटबॉलमधला चेंडू मागे-आडवा फिरवत ठेवण्याचा रटाळपणा घालवण्यासाठी डब्लिनचे माजी व्यवस्थापक जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेले नियम २०२५ मध्ये लागू झाले : गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारलेला चेंडू दांडीवरून गेल्यास १ ऐवजी २ गुण, आणि दोन्ही अर्ध्यांत प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू कायम.

लोकसंख्या पूर्वेकडे, डब्लिनभोवती सरकते आहे. तिथे मुले आहेत पण सरावाला मैदान मिळत नाही. पश्चिमेच्या खेड्यांत मैदान हिरवेगार आहे, पण पंधरा जण जमत नाहीत. मग शेजारचे दोन-तीन क्लब वयोगटांत एकत्र संघ उतरवतात किंवा १३ जणांचे सामने होतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रतिस्पर्धी एकाच रंगाचा शर्ट घालतात तेव्हा ते सोपे नसते. गेलेली मुले मात्र खेळ बरोबर नेतात. ८ एप्रिल २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या गेलिक पार्कमध्ये न्यूयॉर्कच्या संघाने लायट्रिमला पेनल्टींवर हरवून कनॉट या पश्चिमेच्या प्रांताच्या अजिंक्यपद स्पर्धेतला आपला पहिला विजय मिळवला. लायट्रिम हा आयर्लंडमधला सर्वांत कमी लोकसंख्येचा परगणा.