नवी योजना आली म्हणून जुनं देणं फिटत नाही

"नव्या भरतीला अंशदायी योजनेत टाकलं की शहराचा पेन्शनचा बोजा उतरतो," असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं (अंशदायी योजनेत कर्मचाऱ्याच्या नावावर दरमहा पैसे साठतात, पण ठरावीक पेन्शनची हमी नसते). ते खरं नाही. तीस वर्षं पहाटे उठून गटारं उपसलेल्या माणसाने आपलं पेन्शन आधीच कमावलेलं असतं. ते देणं जागेवरच राहतं. उलट नव्या पगारांतली कपात जुन्या निधीत येईनाशी होते. बचत होते, पण दिसायला दशकं लागतात.

आणि पेन्शनच्या निधीत तूट अनेकदा पडते ती शहराने आपला वाटा वेळेवर न भरल्याने. भोगतात मात्र निवृत्त, हे मला फार खुपतं. अमेरिकेतलं डेट्रॉईट शहर २०१३मध्ये दिवाळखोरीत गेलं, तेव्हा पोलीस आणि अग्निशमन दल सोडून इतर निवृत्तांचं मूळ पेन्शन ४.५ टक्क्यांनी कापलं गेलं. महागाईपोटीची वार्षिक वाढही गेली.