दोन बोटींमधलं पाणी

एप्रिल आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर टायटॅनिकचा एक तरी फॉरवर्ड पडतोच. यंदाचा असा, की ग्रीक पुराणात टायटन म्हणजे देवांशी लढून हरलेले, मग त्यांचं नाव दिलेली बोट बुडणारच. खाली काकांचे हात जोडलेले तीन इमोजी. आता गंमत बघा, तिची सख्खी थोरली बहीण ऑलिंपिक, म्हणजे जिंकलेल्या देवांच्या पार्टीतली, बेलफास्टला तिच्या शेजारीच बांधलेली, आणि मोठ्या अपघातात आधी सापडली ती हीच.

नावांचं म्हणाल तर तो सरळ कंपनीचा शिक्का असायचा. व्हाइट स्टार, म्हणजे टायटॅनिक-ऑलिंपिकवाली कंपनी, तिची नावं 'इक'वर संपणार, ओशनिक, सेल्टिक वगैरे. क्युनार्ड या दुसऱ्या कंपनीची 'इया'वर, त्यात रोमन प्रांतांची हौस, लुसिटानिया म्हणजे जवळपास आजचं पोर्तुगाल. आणि ८ जुलै १९१०ला सावरकरांनी मार्सेयला जिच्यातून उडी मारली ती मोरिया पी अँड ओ कंपनीच्या 'म'वाल्या बोटींपैकी, मंगोलिया, मार्मोरा, आपला माळवा पण होता त्यात. मोरिया हे ग्रीसच्या दक्षिण भागाचं जुनं नाव. लहानपणी मला वाटायचं बाप्पा मोरयावरून ठेवलंय.

तर ऑलिंपिक. २० सप्टेंबर १९११, साउदॅम्प्टनजवळचा सोलेंट नावाचा चिंचोळा समुद्र, आणि शेजारून जवळपास समांतर चाललेली हॉक ही ब्रिटिश आरमाराची क्रूझर, म्हणजे युद्धनौका. हॉक अचानक वळली आणि शत्रूची बोट फोडायला मुद्दाम केलेलं आपलं नाक तिने ऑलिंपिकच्या मागच्या बाजूत घुसवलं. आरमाराचं कोर्टात म्हणणं, आम्ही वळलो नाही, हिनेच आम्हाला खेचलं. ऐकायला बहाणा वाटतो, पण कोर्टाने दोष ऑलिंपिकवरच ठेवला.

खेचलं म्हणजे काय, तर ऑलिंपिकवर उभे आहोत असं समजा, म्हणजे समोरून पाणी आपल्याकडे येतंय. ते दोन्ही बाजूंनी मागे जाणार, पण एका बाजूला हॉक असल्यामुळे तिथे फक्त एक फट आहे. पाणी काही दाबून लहान होत नाही, म्हणजे फटीतून निघायचं तर वेग वाढवायला हवा, नदी दोन खडकांमध्ये अरुंद झाली की धार लागते तसं. आणि वेग वाढला की दाब कमी होतो. इथे बरेच जण अडकतात, जोरात वाहणाऱ्या पाण्याचा दाब उलट जास्त नको का? नको. पाण्याचा एखादा थेंब वेग घेतो कारण त्याला मागून जास्त आणि पुढून कमी दाब मिळतो, म्हणजे तो जास्त दाबाकडून कमी दाबाकडे चाललाय, म्हणून जिथे तो सगळ्यात भरधाव तिथे दाब सगळ्यात कमी. हाच शाळेतला बर्नोलीचा नियम. आता बाहेरच्या अंगाला दाब नेहमीचा, फटीत कमी, की दोन्ही बोटी एकमेकींकडे ढकलल्या जातात. हलकी बोट जास्त सरकते.

किती ढकलल्या जातात? समजा पाण्याचा वेग सेकंदाला ८ मीटरचा ९ झाला. वर्गांचा फरक ८१ वजा ६४, त्याचं अर्धं, गुणिले पाण्याची घनता १०००, म्हणजे दाबात ८५०० पास्कलचा फरक, दर चौरस मीटरला साधारण ८५० किलो. बोटीची पाण्याखालची बाजू १०० मीटर लांब आणि ७ मीटर खोल धरा, ७०० चौरस मीटर झाले, म्हणजे ६०० टनांच्या आसपास जोर! हॉक स्वतः साधारण ७००० टनांची. वेगाचा वर्ग येतो म्हणून एवढी गंमत, आणि समुद्र उथळ असला तर खालूनही वाट अडते, मग आणखी.

हे बघायला इंग्लंडला जायला नको. रेवसच्या धक्क्यावर लाँच जवळून गेली की बांधलेली होडी आधी वर उचलली जाते, मग पाणी ओसरतं, दोर सैल पडून एकदम ताणला जातो आणि 'करकर' आवाज येतो. १० एप्रिल १९१२ला टायटॅनिक साउदॅम्प्टनहून निघाली तेव्हा अगदी हेच झालं, फक्त होडीच्या जागी न्यू यॉर्क नावाची मोठी बोट होती आणि तिचे दोर धडाधड तुटले. तिचा मागचा भाग वळत टायटॅनिकच्या चार-एक फुटांवर आला, एका टगने, म्हणजे मोठ्या बोटी ओढणाऱ्या छोट्या बोटीने, कसाबसा ओढून धरला. टायटॅनिकचा कॅप्टन स्मिथ आणि बंदरातून वाट दाखवणारा पायलट बोयर, दोघेही हॉकच्या टकरीच्या वेळी ऑलिंपिकवर होतेच.

आणि अपशकुनाचंच बोलायचं तर खलाशांच्या मते बोटीचं नाव बदलण्यासारखा वाईट शकुन नाही. ही न्यू यॉर्क आधी सिटी ऑफ न्यू यॉर्क होती, १८९८च्या अमेरिका-स्पेन युद्धात हार्वर्ड झाली, पहिल्या महायुद्धात प्लॅट्सबर्ग, मधे मधे परत न्यू यॉर्क. १९२३ला म्हातारी होऊन भंगारात गेली.