सक्सेसर: वारस की उसनवार?

दिवाळीच्या सुट्टीत वास्कोची आणि फोंड्याची आमची भाचरं एकत्र जमली की अंगणात नरकासुराचा सांगाडा उभा राहतो आणि ओसरीवर मोबाइलमधली विमानं उडू लागतात. यंदा भांडण ओसरीवर झालं. एकाने सिम्पलप्लेन्स या विमानं बांधून उडवायच्या खेळात बांधलेलं विमान दुसऱ्याने डाउनलोड केलं, त्याचे पंख बदलले आणि आपल्या नावाने पुन्हा अपलोड केलं. खेळाने नव्या विमानाखाली आपणहून ‘सक्सेसर’ अशी ओळ टाकून जुन्या विमानाचं नाव जोडलं. मूळ विमानाच्या मालकाला ही चोरी वाटली. दुसरा म्हणाला, मला आवडलं म्हणून तर घेतलं! दोघांचंही म्हणणं खरं होतं. असं का, ते कळायला या खेळातले लोक एकमेकांच्या विमानांना आजवर कसं उत्तर देत आले हे पाहावं लागतं.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. संगणकावर विमान उडवण्याचे खेळ १९८० च्या दशकापासून आहेत, पण त्यात विमान बांधणं हे मोजक्या जाणकारांचं काम होतं. १९९० च्या दशकात आलेल्या एक्स-प्लेनमध्ये प्लेन-मेकर नावाचं वेगळं साधन होतं. त्यात पंखाची लांबी, जाडी, कोन असे आकडे भरायचे आणि खेळ त्या आकड्यांवरून हवेचं बळ काढायचा. तयार विमान झिप फाइलमधून फुकट वाटलं जायचं आणि सोबत ‘रीडमी’ असायची. विमान घ्या, उडवा, रंग बदलायचा असेल तर आधी ईमेल करून विचारा, माझ्या परवानगीशिवाय दुसरीकडे ठेवू नका, असं त्यात लिहिलेलं असे. त्या काळातली प्रतिक्रिया म्हणजे आभाराचं पत्र, नाहीतर चूक दाखवणारं पत्र. विमानाला हात लावायचा तो मालकाला विचारूनच. मे २००९ मध्ये अशा फाइलींच्या एका मोठ्या संग्रहाचे दोन्ही सर्व्हर कोणीतरी घुसखोरी करून पुसून टाकले, आणि एकाची बॅकअप दुसऱ्यावर असल्यामुळे दोन्ही एकदम गेले. विमानांच्या प्रती लोकांच्या घरी होत्या. विमानांवर झालेली चर्चा मात्र कोणी घरी ठेवलेली नव्हती.

२०११ मध्ये कर्बल स्पेस प्रोग्रॅम लोकांच्या हातात आला आणि बांधणं नि उडवणं यांतलं अंतर मिनिटांवर आलं. तो खेळ मुळात रॉकेटांचा, तरी पंख लावून विमानं करणारेही त्यात आले. माझ्या मते खरा फरक इथे पडला. कुणाचं विमान उडत नसेल तर ‘शेपूट लहान पडतंय’ असं लिहून सांगण्यापेक्षा ते उघडून, शेपूट मोठं करून परत देणं सोपं झालं. म्हणजे उत्तर शब्दांतच द्यायला हवं असं राहिलं नाही.

सिम्पलप्लेन्स २०१४ मध्ये मोबाइलवर आलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात. आमच्याकडची पोरं त्यात मोबाइलमुळेच आली, घरात संगणक असलाच तर तो थोरल्या भावाच्या अभ्यासाचा. विमानाची फाइल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर, त्यामुळे ती चटकन उतरते आणि चटकन चढते. कुठलंही विमान उघडलं की प्रत्येक खिळा दिसतो, झाकलेलं काही नाही. शिवाय अपवोट (पसंतीची मतं) आले, अपवोटचे गुण आले आणि गुणांवरून मिळणारे दर्जे आले.

गुण आल्यावर प्रतिक्रियांची भाषा बदलली. त्यातलं सगळ्यांत लहान अक्षर म्हणजे ‘टी’. कोणी अर्धवट विमानाचं चित्र टाकून ‘लवकरच येत आहे’ म्हणतो, आणि खाली कमेंटमध्ये एकामागून एक ‘टी’, ‘टी’, ‘टी’. टी म्हणजे टॅग: विमान पूर्ण झालं की मला हाक मार. विमान आलं की बांधणारा त्या सगळ्यांची नावं घालून निरोप पाठवतो, ते येतात, अपवोट देतात. ही पद्धत मला वाईट वाटत नाही. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या मांडवाचं, सामान मिळालं की शेजाऱ्यांना सांगून ठेवतात, तसंच हे. पण यातून एक सवय लागली, ती मात्र जाचक आहे. आमंत्रण घेऊन आलेला माणूस पुष्कळदा विमान डाउनलोडच करत नाही. चित्र बघतो, अपवोट देतो, पुढे जातो. रात्र रात्र बसून ज्याने लँडिंग गिअरचं दार नीट मिटेल असं केलं, त्याचं दार उघडूनही पाहिलं जात नाही.

मोबाइलवाल्यांची तक्रार वेगळी, आणि ती खरी आहे. प्रत्येक विमानाखाली भागांची संख्या दिलेली असते. कॉकपिटमधली बटणं, काट्यांची घड्याळं, खुर्चीचे पट्टे असं सगळं करत विमान हजार भागांच्या वर गेलं की साध्या फोनवर ते अडखळत चालतं. मग कमेंट येते, फोनवर चालेल असं लहान करून दे. बांधणाऱ्याला हे कमीपणाचं वाटतं आणि मागणाऱ्याला ती हक्काची विनंती वाटते. याच मागणीतून ‘मोबाइल आवृत्ती’ हा प्रकार रुळला: दुसराच कोणी ते विमान घेतो, अर्धे भाग काढतो आणि अपलोड करतो. इथे आपण पुन्हा सक्सेसरपाशी येतो.

त्याआधी एक विमान जवळून पाहू. सी हॅरियर हे नौदलाचं लढाऊ विमान वास्कोजवळच्या दाबोळीच्या तळावर पहिल्यांदा डिसेंबर १९८३ मध्ये उतरलं आणि मे २०१६ मध्ये तिथेच निवृत्त झालं. मधली बत्तीस वर्षं वास्को-चिखलीच्या माणसांनी त्याचा आवाज जेवणाच्या ताटावर बसून ऐकला. बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथे उघड्यावर उभं असलेलं सी हॅरियर माझ्या वास्कोच्या भाच्याने चारही बाजूंनी फिरून, वाकून बघितलं आणि निवृत्तीच्या त्या वर्षी खेळात बांधलं. चार नळ्या, पुढच्या दोन आणि मागच्या दोन, खाली वळवल्या की विमान जागच्या जागी उचलायचं. रंग, नाकाचा निमुळतेपणा, पंखांचा खाली झुकलेला कोन, सगळं जमलं होतं. पण ते जमिनीपासून दोन माणसं उंच उठायचं, नाक वर करायचं आणि शेपटीवर आदळायचं.

पहिल्या दिवशी ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘टी कुठे गेला माझा’ अशा दहा-बारा कमेंट आल्या. एकानेही ते आदळतं असं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी परदेशातल्या एका खेळाडूने सविस्तर लिहिलं. खेळाच्या बांधणीपटलावर तीन ठिपके दाखवता येतात: वस्तुमानकेंद्राचा लाल, उचल-केंद्राचा निळा आणि जोर-केंद्राचा पिवळा. त्याने सांगितलं की तुझी इंधनाची टाकी लाल ठिपक्याच्या मागे आहे. टाकी भरली की लाल ठिपका मागे सरकतो, नळ्यांचा पिवळा त्याच्या पुढे पडतो, म्हणून नाक उठतं. टाकी अर्धी करून बघ, विमान सरळ तरंगेल. कायमचं बरं करायचं तर टाकीच लाल ठिपक्यावर आणून ठेव, म्हणजे इंधन जळलं तरी केंद्र हलणार नाही. भाच्याने टाकी अर्धी केली आणि विमान खरंच सरळ तरंगलं. तो ओरडत स्वयंपाकघरात आला होता, ‘मामा, उभं राहिलं!’ माझ्या लेखी प्रतिक्रिया यालाच म्हणतात. ते लिहिणाऱ्याने विमान डाउनलोड केलं होतं, पाडलं होतं आणि का पडलं ते शोधलं होतं.

पण त्या खेळाडूने नुसतं लिहिलं नव्हतं. टाकी हलवलेलं विमान त्याने स्वतःच्या नावाने अपलोडही केलं होतं, खाली ‘सक्सेसर’ची ओळ. त्याचे गुण जास्त, पाठीराखे जास्त, म्हणून दोन दिवसांत त्या वारसाला मूळ विमानापेक्षा जास्त अपवोट पडले. भाचा आठवडाभर खेळ उघडेना.

या एका शब्दाने इतकी भांडणं लावली आहेत, कारण एकाच ओळीत तीन वेगळे अर्थ भरले गेलेत. पहिला अर्थ मूळचा: कोणाचं विमान घेऊन त्यात फेरफार केला की खेळ नवं-जुनं जोडून दाखवतो. यामागचा हेतू श्रेय राखणं हाच होता आणि तो रास्त आहे. ‘रीडमी’च्या काळात जी परवानगी ईमेलने मागावी लागे, तिची जागा या आपोआपच्या नोंदीने घेतली. परवानगीऐवजी नोंद, हा बदल सगळ्यांना कधी समजावून सांगितला गेला नाही. जुन्या पद्धतीत वाढलेल्यांना तो अजून खुपतो.

दुसरा अर्थ स्पर्धांमुळे आला. खेळाडू आपसांत आव्हानं देतात: अमुक वजनाच्या आत, अमुक भागांत, अमुक तारखेपर्यंत मालवाहू विमान करा. आव्हान देणारा एक नमुना टाकतो आणि नियम लिहितो की प्रवेशिका याच नमुन्याची सक्सेसर म्हणून यायला हवी, म्हणजे त्याला सगळ्या एका जागी सापडतात. नमुन्यात कधी कधी एक ठोकळा आणि कॉकपिट एवढंच असतं. पोरगा ते पुसून स्वतःचं विमान पहिल्यापासून बांधतो. तरी ओळ सक्सेसरचीच. इथे वारसा काहीच नाही, ओळीचं काम प्रवेशअर्जाचं आहे.

तिसरा अर्थ अपघाताचा. कोणाचं तरी विमान उघडून त्यातलं इंजिन बघितलं, त्याच फाइलवर सगळं पुसून नवं सुरू केलं, आणि अपलोड करताना जुनं नाव चिकटलं. उलटंही होतं आणि ते जास्त लागतं. दुसऱ्याचा अख्खा पंख सब-असेंब्ली, म्हणजे सुटा जोडभाग, म्हणून जपून ठेवायचा, कोऱ्या पटलावर आणून जोडायचा, मग ओळ येतच नाही. प्रामाणिकपणे फाइल उघडून बदलणाऱ्यावर ‘सक्सेसर’चा शिक्का बसतो, तुकडे उचलणारा मोकळा सुटतो. नोंद यंत्राची, आणि यंत्राला फक्त फाइल कुठून सुरू झाली एवढंच कळतं.

गोव्यात हा प्रश्न नवा नाही, म्हणूनच कदाचित आमच्या ओसरीवर त्याला इतकी धार येते. नरकासुराचा मुखवटा बाजारात तयार मिळतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजी, म्हापसा, मडगाव फिरून लोक एकेक नरकासुर बघतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, तोंड विकतचं की हातचं? विकतचं तोंड लावलेल्या पोरांना कोणी चोर म्हणत नाही. पण हात फिरवणारी मोटर, डोळ्यांतले दिवे, सांगाड्याचा तोल यांची चौकशी करून मगच लोक मान डोलावतात. माटोळीत तर फळं बरीचशी रानाचीच, कौतुक होतं ते कोणती शोधून आणली आणि कशी बांधली याचं. घेतलं किती यापेक्षा घेऊन काय केलं, हे बघायची नजर इथे आहे. खेळातली ओळ तेवढं सांगत नाही, ते बांधणाऱ्याने स्वतः लिहावं लागतं.

पुढच्या वर्षांत प्रतिक्रिया आणखी एका बाजूला सरकली. खेळाडू आधी फाइल साध्या मजकुरासारखी उघडून, मग ओव्हरलोड नावाच्या मॉडने, म्हणजे खेळाला बाहेरून जोडलेल्या साधनाने, भागांचे आकडे बदलू लागले: वजन शून्य, हवेचा अडथळा शून्य. त्यानंतरच्या आवृत्त्यांत फंकी ट्रीज आलं, म्हणजे वेग, उंची, कोन यांवर सूत्रं लिहून भाग हलवायची सोय. आता कमेंटमध्ये ‘छान उडतं’पेक्षा ‘हे सूत्र कसं लिहिलंस’ हे जास्त दिसतं. याने शिकणं वाढलं यात शंका नाही. फोंड्याच्या भाच्याने त्रिकोणमिती शाळेच्या आधी फ्लॅपच्या सूत्रात वापरली. पण वजन शून्य केलेल्या विमानाला तीन ठिपक्यांची गोष्ट सांगता येत नाही, आणि मला तीच गोष्ट या खेळाचा गाभा वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या नौदलासाठीच्या हलक्या लढाऊ विमानाने दाबोळीच्या चाचणी-पट्टीवर आडव्या तारेत हुक अडकवून पहिल्यांदा थांबून दाखवलं. त्यानंतर पोरांनी केलेल्या विमानांत हुक आले, आणि त्या विमानांवरच्या कमेंटमध्ये बऱ्याच दिवसांनी कुठे लागलं, कुठे निसटलं, किती वेगाने आलास असे प्रश्न दिसले.

सी हॅरियरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आठवडा गेल्यावर वास्कोच्या भाच्याने परदेशातल्या खेळाडूचं विमान डाउनलोड केलं. टाकीची जागा त्याची ठेवली, नळ्यांचा कोन आपला लावला, रंग पुन्हा संग्रहालयातल्या विमानाशी जुळवला. आता ते भरल्या टाकीनेही सरळ उठायचं. अपलोड केलं तेव्हा खाली ओळ आली ती त्या खेळाडूच्या विमानाची, कारण खेळ एकच पिढी मागे बघतो. पहिलं विमान ज्याचं, त्याचं नाव कुठेच नव्हतं, आणि तो हा स्वतःच होता. त्याने वर्णनाच्या चौकटीत दोन ओळी लिहिल्या: पहिलं विमान माझं, टाकी त्याची. त्या खेळाडूने खाली एकच कमेंट टाकली, विमान त्याने चार वेळा उभं उतरवलं होतं.